गावाची शीव चालताना: गोल पायफेरी आखायची कशी आणि वाटेतला इतिहास वाचायचा कसा

गावातलं मोठं देऊळ गाडीतून उतरून दहा मिनिटांत बघून होतं. पण त्याच गावाचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड, वेशीबाहेर असतो, म्हसोबा बांधावर असतो, मोटेची विहीर मळ्यात असते आणि दोन गावांच्या हद्दीचा दगड शिवेवर असतो. गावाचा इतिहास असा गावाभोवती पसरलेला असतो. एका डांबरी रस्त्यावर तो भेटत नाही. म्हणून पारावरून एका वाटेने निघायचं, शिवेपर्यंत जायचं, शिवेच्या कडेने वळायचं आणि दुसऱ्याच वाटेने परत पारावर यायचं. गोल चालणं आपल्याला नवीन नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायला माणसं लोटतात, तीही गोलच असते. आपल्याला तेच करायचं आहे, फक्त सावकाश आणि दगडांकडे बघत.

मी पहिली दोन वर्षं हे चुकीच्या पद्धतीने केलं. लांब पल्ले मारले, उन्हात चाललो, न विचारता शेतात शिरलो आणि घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या गावचा हेच कळेना. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे. सगळी उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

१. अंतर ठरवा, आणि मग ते निम्मं करा

डोंगरात चालण्याचा वेळ काढायला विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही वापरतात: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. हा हिशेब न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. आपण वीरगळापाशी अर्धा तास बसणार, विहिरीत उतरणार, ओट्यावरच्या आजोबांशी बोलणार. माझा अनुभव असा की तासाला २ किलोमीटर धरले तरच दिवस पुरतो. पहिली फेरी ६ ते ८ किलोमीटरची ठेवा. याहून लांब आखली की माणूस शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये काहीच बघत नाही, फक्त घड्याळ बघतो.

हंगाम दिवाळीनंतरचा चांगला. पावसाळ्यात भातखाचरांमधल्या वाटा बंद असतात आणि गवत इतकं वाढतं की पडलेला दगड दिसतच नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसतं, ज्वारीच्या शेताकडेचे बांध मोकळे असतात आणि ऊन तिरकं असतं. या तिरक्या उन्हाबद्दल पुढे सांगतो, ते फार कामाचं आहे.

२. दोन नकाशे घ्या, एकावर भागत नाही

पहिला सर्व्हे ऑफ इंडियाचा ओपन सिरीज नकाशा, म्हणजे आपण ज्याला टोपोशीट म्हणतो तो. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की पीडीएफ मिळतं. त्यावर टेकड्या, ओढे, देवळं, विहिरी आणि पायवाटा दिसतात. उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा आहे हे एवढं समजलं तरी सुरुवातीला पुरे.

दुसरा गावनकाशा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांच्या हद्दी दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गावनकाशा बघायला मिळाला तर त्याहून उत्तम. त्यावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग. कितीतरी पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या वाटा, आज झाडोऱ्याने भरल्या आहेत, पण नकाशावर त्या शाबूत असतात, आणि जुनी देवस्थानं बहुधा त्यांच्याच कडेला सापडतात.

दोन्ही नकाशांवरून फेरी आखा, मग उपग्रहाच्या चित्रावर ती ताडून बघा. इथे मी एकदा चांगलाच फसलो. चित्रात निळी बारीक रेघ होती, मी ओढा समजलो. प्रत्यक्षात भरून वाहणारा कालवा निघाला, दोन्ही बाजूंना अस्तरीकरण केलेला आणि निसरडा. जवळचा पूल दोन किलोमीटर वर. पुलावरून वळसा घालून फेरी पुरी केली तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची एसटी निघून गेली होती. तेव्हापासून नियम एकच: वाट जिथे पाणी ओलांडते त्या प्रत्येक ठिकाणी पूल, फरशी किंवा बंधारा दिसला पाहिजे. नसेल तर फेरी बदला.

अजून एक गैरसमज. पाणंद सार्वजनिक असते, पण बांध सार्वजनिक नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता मागायची सोय आहे, पण ती शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. फिरायला आलेल्या माणसाचा तो हक्क नाही. शेतात माणूस दिसला तर विचारून जा. कुणी दिसलं नाही आणि पीक उभं असेल तर वळसा घ्या.

३. निघण्याआधी एक संध्याकाळ वाचनाला द्या

जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेलं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे. त्यात मोठ्या गावांची वर्णनं, जुने घाट, बाजाराचे वार, देवळांची मोजमापं असतात. अडचण स्पेलिंगची. गावाचं नाव आजच्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. दोन-तीन तऱ्हांनी शोधा, किंवा तालुक्याचं पान काढून सरळ वाचत जा.

गावाचं नावही वाचा. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आले, थोरलं आणि धाकटं. ही जोडी नकाशावर दिसली की दोघांच्या मधली शीव आपल्या फेरीत घ्या. ‘पांढरी’ हा शब्द लक्षात ठेवा. वस्तीची जमीन पांढरी आणि कसायची ती काळी. वस्ती उठून गेलेल्या जुन्या पांढरीवर खापरांचा खच असतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं अशाच टेकाडांखाली मिळाली.

४. सोबत काय हवं

- दोन्ही नकाशांच्या कागदी प्रती. दरीत मोबाइलला रेंज नसते आणि उन्हात पडदा दिसत नाही.
- ओळखपत्र. वाट अभयारण्यातून किंवा राखीव वनातून जात असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढा.
- माणशी ३ लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा, घोटा झाकणारे बूट.
- चांगली विजेरी. रात्रीसाठी लागतेच, पण मुख्य काम दगड वाचायला.
- शिवणकामाची मापाची टेप, वही, शिसपेन्सिल. पेनची शाई घामाने पसरते.
- एसटीच्या परतीच्या वेळा. या स्थानकात विचारून घ्या आणि गावात उतरल्यावर पुन्हा विचारा. ‘मुक्कामी गाडी’ म्हणजे रात्री गावात येऊन पहाटे निघणारी. संध्याकाळी परतायला तिचा उपयोग नाही. नवख्यांची इथे हमखास गल्लत होते.

५. गावात शिरताना

आधी पारावर किंवा देवळात टेका. पुढची पंधरा मिनिटं नकाशापेक्षा जास्त वाट दाखवतात. देवळाची माहिती गुरवाकडे, हद्दीची माहिती पोलीस पाटलांकडे किंवा कोतवालाकडे, आणि वाटांची माहिती गुराख्याकडे. ‘इथे काही ऐतिहासिक आहे का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण ऐतिहासिक म्हणजे किल्ला असं सगळ्यांच्या मनात बसलेलं आहे. ‘वीरगळ’ म्हटलं तरी बऱ्याचदा कळत नाही. मी विचारतो, ‘चित्रं कोरलेले दगड कुठं आहेत का? घोड्यावरचा माणूस, गाई, लढाई असलं काही?’ मग लगेच कुणीतरी म्हणतं, ‘हां, ते वीर होय? ते विहिरीवर हायेत की.’

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात असाच विहिरीवर पोचलो. दोन बायका धुणं धूत होत्या. काठाला शेंदूर लावलेला एक कोरीव दगड उभा होता आणि त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाची सपाट शिळा आडवी. मी म्हटलं, ‘मावशी, हा उभा दगड कुणाचा?’

‘तो वीर हाय. त्याच्यावं धुणं नाही धूत.’

‘आणि हा आडवा?’

‘त्योबी वीरच, पर त्याची चित्रं खाली गेल्यात. सासूबाईंच्या येळेपासनं पालथाच हाय.’

कुठल्याही नकाशावर ही शिळा नव्हती. मला ती उलटवून बघायचा मोह फार झाला. उलटवली नाही. काठ ढासळला असता, आणि तो दगड माझा नव्हता.

६. दगड वाचायला शिका

इथे घाई करू नका. फेरीचं सगळं सार या टप्प्यात आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून वीरगळ. सगळ्यात खाली वीर मेलेला किंवा लढताना दिसतो. तिथे गाई कोरल्या असतील तर गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढून तो पडला असं समजायचं. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर चंद्र, सूर्य आणि बहुधा कलश. चंद्रसूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. सगळ्या लढाया घोड्यांच्याच नसतात. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे.

दंडापासून कोपरात वळून वर उठलेला बांगड्यांनी भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री कोरली असेल तर तो गधेगळ. दान दिलेली जमीन कुणी हिरावली तर त्याला दिलेली ही शिवी आहे. मुलांसोबत असलात तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा, पण झाकून पुढे जाऊ नका. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख गधेगळावरच कोरलेला आहे. गाय आणि वासरू असेल तर धेनुगळ, तोही दानाचाच.

विहिरीवर गेलात तर धावा मोजा. धाव म्हणजे बैल मोट ओढत खाली जायचे तो उतार. काठावर थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ती दगडी कुंडी, सापडली की धाव तिच्यासमोरच असते. पायऱ्यांची बारव असेल तर प्रवेश मोजा. शिल्पशास्त्रात एका प्रवेशाची नंदा, दोनांची भद्रा, तिनांची जया आणि चारांची विजया.

देवळापाशी एक शब्द तुम्हाला सतत ऐकू येईल, ‘हेमाडपंती’. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवलेलं प्रत्येक जुनं देऊळ लोक हेमाडपंती ठरवतात, नाहीतर पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मंत्री. अंबरनाथचं देऊळ तसंच दिसतं, पण तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. त्यामुळे वहीत ‘हेमाडपंती’ लिहू नका. खांब कसे आहेत, दरवाज्यावर काय कोरलंय, चुना दिसतो का, हे लिहा.

लेखातला शक सापडला तर त्यात ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं. साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या वीरूबाई भोसले. मराठेशाहीतल्या लेखात आणि कागदांत ‘सुरू सन’ भेटला तर दचकू नका. तो शुहूर सन, म्हणजे शकाहून वेगळी कालगणना, आणि त्यात आकडे अरबी शब्दांत असतात. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतं. शके १५९६ मध्ये ७८ मिळवूनही १६७४ च येतं. हेच शिवराज्याभिषेकाचं वर्ष. ही बेरीज एकदा स्वतः कागदावर करून बघा, मग कधी विसरणार नाही.

पुलाच्या कठड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर ‘जीटीएस’ आणि ‘बीएम’ ही इंग्रजी अक्षरं आणि चौकोन कोरलेला दिसला तर तो शिलालेख नव्हे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या (ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे) नावाची ती उंचीची खूण, म्हणजे बेंच मार्क. तीही टिपून ठेवा.

आता तिरकं ऊन. भर दुपारी झिजलेला वीरगळ कोऱ्या दगडासारखा दिसतो. तोच संध्याकाळी पाचला बघा. उन्हाची तिरीप कडेने आली की आधी घोड्याचे पाय उठतात, मग लगाम, मग खाली ओळीने गाईंची शिंगं. दुपारी पोचलात तर दगडावर चादरीची सावली धरा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. हाच परिणाम मिळतो.

७. हे अजिबात करू नका

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, हळद काहीही चोळू नका. तारेचा ब्रश तर नकोच. शेवाळ खरवडलं की त्यासोबत अक्षराची कडही जाते. शेंदूर कितीही जाड असला तरी तो काढायचा नाही. आपल्यासाठी तो वीरगळ असला तरी गावासाठी देव आहे. पायातलं काढा, नमस्कार करा, मग फोटो.

खापराचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका. टेकाडावरचं खापर कुठे पडलं होतं यालाच अर्थ असतो, घरच्या कपाटात त्याची नुसती माती होते. नाणं, मूर्ती असं काही जमिनीतून वर आलेलं दिसलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तिथेच ठेवून फोटो काढा आणि पोलीस पाटलांना सांगा. नेमकी जागा समाजमाध्यमावर टाकू नका. धनाच्या आशेने दगडाखाली खणणारे लोक अजूनही आहेत.

कडे आणि लेण्यांपाशी आग्या मोहोळ असतं. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. दगडाच्या खाचेत हात घालण्याआधी काठी फिरवा. फुरसं अंग अंगावर घासून करकर आवाज करतं, तो ऐकू आला की जागीच थांबा आणि सावकाश मागे सरा. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, विष चोखायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

८. त्याच रात्री नोंद करा

दुसऱ्या दिवशी फोटो मिसळतात. प्रत्येक दगडाचा एक फोटो टेप शेजारी ठेवून, एक लांबून परिसरासकट. वहीत तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी, किती चौकटी, आणि गावात त्याला काय म्हणतात ते. हे शेवटचं सगळ्यात आधी विसरलं जातं. पुढच्या फेरीला जाताना फोटोंच्या छापील प्रती शाळेत आणि देवळात द्या. मी प्रती द्यायला लागल्यापासून लोक आपणहून सांगतात, ‘आमच्या मळ्यातबी एक हाय.’

९. पहिली फेरी कुठे करायची

पुण्या-मुंबईकडच्यांनी मळवली घ्यावी. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावातून लेण्यांवर जा, तिथून लोहगड आणि विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीत चढा, लोहगड बघा आणि शक्य असेल तर विसापूरवरून दुसऱ्या अंगाने उतरून पुन्हा मळवली. विसापूर धरला तर ही फेरी मी वर सांगितलेल्या ८ किलोमीटरपेक्षा मोठी होते, म्हणून पहिल्या वेळी लोहगडावरून मागे फिरलात तरी हरकत नाही. पावसाळ्यात विसापूरच्या पायऱ्यांचा ओढा होतो, तेव्हा तो सोडाच. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून सकाळची पहिली पकडा.

भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली. चैत्यगृहाच्या छताला अजून मूळ लाकडी फासळ्या आहेत, त्यांच्याकडे मान वर करून पोटभर बघा. मग लोक ज्याच्याकडे बघत नाहीत ते शोधा: पाण्याची टाकी. त्यातल्या एकाच्या लेखात ते टाकं महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने दान दिल्याचं म्हटलं आहे. टाक्याला प्राकृतात शब्द आहे ‘पोढी’. दोन हजार वर्षांपूर्वी याच चढावर माणसाला तहान लागत होती आणि कुणीतरी त्याची सोय करून ठेवली. ते पाणी आता पिण्याजोगं नाही, तेव्हा बाटल्या मळवलीतच भरून घ्या.